दृष्टि आणि आहार : यकृतापासून गोळीपर्यंत

पंचज्ञानेंद्रियांत डोळ्याला अग्रपूजेचा मान मिळत आला आहे, आणि त्याच्या रक्षणासाठीं काय खावें हा प्रश्न माणसानें फार प्राचीन काळापासून विचारलेला आहे. आज औषधांच्या दुकानांत ‘डोळ्यांसाठीं’ म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांच्या वेष्टनावर अँटिऑक्सिडंट, ल्युटीन, जस्त, क जीवनसत्त्व अशीं नांवें छापलेलीं असतात. साठी उलटलेल्या गृहस्थाला वर्तमानपत्रांतील अक्षर अंधुक दिसूं लागलें, कीं कोणीतरी स्नेही अशा एकाद्या गोळीचें नांव सुचवितो आणि घरांतील मंडळी ती आणूनही देतात. या लहानशा गोळीमागें साडेतीन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासांत दोन निरनिराळ्या दुखण्यांची गल्लत वारंवार झालेली आढळते. एक दुखणें उपासमारीचें व मुख्यतः बालपणाचें, दुसरें वार्धक्याचें. पहिल्यावर आहाराचा उपाय अचूक लागू पडला. दुसऱ्यावर तो कितपत चालतो, हें ठरविण्यासाठीं हजारों वृद्धांना वर्षानुवर्षें गोळ्या घेऊन पाहाव्या लागल्या. आणि जें उत्तर मिळालें तें कोणाच्याही अपेक्षेइतकें सरळ निघालें नाहीं.

इजिप्तांतील एबर्स पपायरस या नांवानें प्रसिद्ध असलेला वैद्यकग्रंथ इसवी सनापूर्वीं १५५० च्या सुमारास लिहिला गेला. त्यांत नेत्ररोगावर बैलाचें यकृत भाजून वापरण्याची कृति दिलेली आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या परंपरेंतील लेखनांत रातांधळ्या रोग्यास बैलाचें कच्चें यकृत मधाबरोबर खावयास सांगितलें आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नक्तांध्याचा विचार आला असून, त्यावर यकृत आणि पिंपळी यांचा योग सांगितलेला आहे. रातांधळें हें दुखणें असें कीं, दिवसां माणूस नीट पाहतो, परंतु दिवेलागण झाली म्हणजे तो चांचपडूं लागतो. यकृतानें तें बरें होतें, एवढें त्या प्राचीन वैद्यांनीं बारकाईनें पाहून ठेविलें होतें. कां बरें होतें, हें कळावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

मधल्या काळांत या कोड्याचीं एकदोन टोकें हातीं लागून निसटलीं. १८१६ सालीं फ्रांस्वा माजांदी या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें कांहीं कुत्र्यांना केवळ साखर व ऊर्ध्वपातित पाणी यांवर ठेविलें. थोड्याच आठवड्यांत त्यांच्या बुबुळांवर व्रण पडले, आणि अखेर तीं जनावरें मेलीं. पोट भरत असूनही डोळे फुटतात, हें प्रयोगानें दिसून आलें. पण त्या वेळीं त्याचा अर्थ कोणाला लागला नाहीं. पुढें १८५७ ते १८५९ या काळांत ऑस्ट्रियाचें ‘नोवारा’ नांवाचें जहाज पृथ्वीप्रदक्षिणेस निघालें. खारवलेलें मांस आणि वाळलेलीं बिस्किटें यांवर महिनेच्या महिने काढणाऱ्या खलाशांना रातांधळें होणें ही त्या काळीं नित्याची गोष्ट होती. जहाजावरील वैद्य एडुआर्ड श्वार्त्स यानें जुन्या ग्रंथांतील यकृताचा उपाय मुद्दाम करून पाहिला, आणि खलाशांची गेलेली दृष्टि परत आली. हा रोग आहारांतील उणिवेचा आहे असा निष्कर्ष त्यानें काढला. परंतु रोग हा बाहेरून कांहीतरी शरीरांत शिरल्यानेंच होतो, कांहीतरी न मिळाल्यानें होत नाहीं, अशी समजूत तेव्हां दृढ होत चालली होती. त्यामुळें त्याच्या म्हणण्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. जपानमध्यें १९०४ सालीं मसामिची मोरी या वैद्यानें डोळे कोरडे पडून बुबुळ मऊ होणाऱ्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. हीं मुलें अंतर्भागांतील गरीब कुटुंबांतील होतीं. कॉड माशाच्या यकृताचें तेल दिल्यावर तीं बरीं झालीं. मोरी यांना वाटलें कीं मुलांना स्निग्ध पदार्थच कमी पडत होता. उत्तर अर्धेंच बरोबर होतें.

या प्रकरणांतील सर्वांत विलक्षण धडा पहिल्या महायुद्धांत डेन्मार्क देशानें दिला. डेन्मार्क हा दूधदुभत्याचा देश. तेथील लोण्याला परदेशांत चांगली किंमत येई, म्हणून शेतकरी लोणी काढून बाहेर पाठवीत, आणि देशांतील गरीब लोक साय काढलेलें दूध व वनस्पतींच्या तेलांपासून केलेलें मार्गारीन यांवर भागवीत. म्हणजे गोठा भरलेला, पण घरांतील मुलाच्या पानांत लोणी नाहीं, अशी स्थिति झाली. कोपनहेगनचे बालरोगवैद्य कार्ल ब्लॉक यांच्याकडे बुबुळें मऊ पडलेलीं, कायमचीं आंधळीं होण्याच्या मार्गावर असलेलीं मुलें वाढत्या संख्येनें येऊं लागलीं. ब्लॉक यांनीं या मुलांना संपूर्ण दूध, लोणी व कॉड माशाचें तेल देऊन अनेकांचे डोळे वांचविले.

इतक्यांत १९१७ सालीं जर्मन पाणबुड्यांनीं समुद्रमार्ग अडविले. मार्गारीनचा कच्चा माल येईनासा झाला, आणि लोण्याची निर्यातही आटली. सरकारनें देशांतील लोणी दरमाणशीं वांटून देण्याची पद्धति सुरू केली. युद्धकाळ, टंचाई, सर्वत्र ओढाताण. अशा वर्षांत मुलांचे रोग वाढावे अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षांत १९१८ मध्यें हा नेत्ररोग जवळजवळ नाहींसा झाला. युद्ध संपलें, वांटप बंद झालें, लोणी पुन्हां परदेशीं जाऊं लागलें, आणि रोग परत आला. कोणत्याही प्रयोगशाळेंत करतां आला नसता असा हा प्रयोग इतिहासानें एका संबंध राष्ट्रावर केला. पुढें अनेक देशांत मार्गारीनमध्यें अ जीवनसत्त्व मिसळणें सक्तीचें झालें. भारतांतही १९५३ पासून वनस्पती तुपाला तो नियम लागू झाला. त्या नियमामागें डेन्मार्कच्या या मुलांची कथा आहे.

लोण्यांत असें काय होतें, याचा शोध युद्धापूर्वींच लागावयास प्रारंभ झाला होता. इंग्लंडांत फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनीं १९१२ सालीं असें दाखविलें कीं, शुद्ध केलेलीं प्रथिनें, पिष्ट, स्निग्ध पदार्थ व क्षार एवढ्यांवर उंदीर वाढत नाहींत. त्यांत थोडेंसें दूध घातलें म्हणजे वाढतात. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत एल्मर मॅक्कॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांनीं सिद्ध केलें कीं, लोण्याच्या स्निग्धांशांत व अंड्याच्या बलकांत वाढीस अवश्य असें एक द्रव्य आहे, आणि डुकराच्या चरबींत किंवा ऑलिव्हच्या तेलांत तें नाहीं. ऑस्बोर्न व मेंडेल या जोडीला कनेक्टिकटमध्यें त्याच वर्षीं तेंच आढळलें. १९२० सालीं जॅक ड्रमंड यांनीं या द्रव्यांना अ, ब, क अशा अक्षरांनीं ओळखण्याची सूचना केली, आणि लोण्यांतील द्रव्य ‘अ जीवनसत्त्व’ झालें.

तरी एक घोटाळा उरलाच. गाजर, पालेभाजी, पिवळा मका यांनींही उंदीर बरे होत. म्हणजे जीवनसत्त्वाचा संबंध पिवळ्या रंगाशीं असावा. पण माशाच्या यकृताचें तेल तर जवळजवळ बिनरंगाचें, आणि गुण मात्र अधिक. केंब्रिज येथील थॉमस मूर यांनीं १९३० च्या सुमारास याचा उलगडा केला. त्यांनीं उंदरांना गाजरांतील कॅरोटीन हें रंगद्रव्य खाऊं घातलें आणि त्यांच्या यकृतांत अ जीवनसत्त्व सांठलेलें दाखविलें. वनस्पती कॅरोटीन तयार करतात, प्राण्याचें शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवितें आणि यकृताच्या कोठारांत भरून ठेवितें. एबर्स पपायरसच्या लेखकाला आणि सुश्रुताला यकृताचा गुण कां दिसला, त्याचें उत्तर हें. १९३१ मध्यें पॉल कारेर यांनीं या जीवनसत्त्वाची रचना उलगडली. १९३३ मध्यें तरुण जॉर्ज वॉल्ड यांना तें प्रत्यक्ष डोळ्याच्या दृष्टिपटलांत सांपडलें. मंद प्रकाशांत पाहणाऱ्या पेशींत एक जांभळट द्रव्य असतें. प्रकाशकिरण पडतांच त्याचें विघटन होतें आणि त्यांतून दृष्टीचा संदेश निघतो. तें द्रव्य पुन्हां घडण्यास अ जीवनसत्त्व लागतें. कोठार रिकामें असलें, कीं जांभळें द्रव्य भरून येत नाहीं आणि सांजवेळ झाली कीं माणूस आंधळा होतो. कारेर यांना १९३७ सालीं व वॉल्ड यांना १९६७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

भारतांत या शास्त्राचें बीज निलगिरींतील कुन्नूर येथें रुजलें. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं १९१८ मध्यें तेथें सुरू केलेल्या संशोधनाचें पुढें मोठ्या संस्थेंत रूपांतर झालें, आणि तिचे पुढील संचालक ऐक्रॉईड यांनीं भारतीय धान्यें, भाज्या व फळें यांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वेकडून येणारें कॉडचें तेल बंद पडलें, तेव्हां मद्रास व मुंबई इलाख्यांत शार्क माशाच्या यकृताचें तेल काढण्यास आरंभ झाला. कोंकणच्या मासळीबाजारांत मोरी व मुशी या नांवांनीं ओळखली जाणारी ही जात अ जीवनसत्त्वाच्या बाबतींत कॉडलाही मागें टाकणारी आहे. कुन्नूरची संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. १९७० पासून भारत सरकारनें पांच वर्षांखालील मुलांना दर सहा महिन्यांनीं या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा पाजण्याची योजना हातीं घेतली. इंडोनेशियांत आल्फ्रेड सॉमर यांनीं केलेल्या कार्यानें तर आणखी एक गोष्ट उघड झाली. आचे प्रांतांतील खेड्यांत अशी मात्रा दिलेल्या मुलांमध्यें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३४ नें कमी आढळलें, असें त्यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलें. डोळा वांचविण्यास निघालेला उपाय जीवही वांचवीत होता.

इतकें यश मिळाल्यावर माणसाच्या मनानें एक उडी घेतली. ज्याच्या अभावीं डोळा जातो, त्याच्या विपुलतेनें डोळा अधिक तीक्ष्ण व्हावा, असा तो तर्क. १९४० सालीं लंडनवर रात्रीं जर्मन विमानें येत, तेव्हां इंग्रज वैमानिक त्यांना अंधारांत टिपूं लागले. खरें कारण विमानांत बसविलेलें गुप्त रडार यंत्र होतें. लोकांत मात्र असा बोलबाला झाला कीं हे वैमानिक गाजरें पुष्कळ खातात. इंग्लंडच्या अन्नखात्यालाही घरोघर गाजरांचा खप हवाच होता. ती कथा जगभर पसरली आणि अद्यापि घरोघर मुलांना सांगितली जाते. वस्तुतः ज्याच्या यकृताचें कोठार भरलेलें आहे, त्याला टोपलीभर गाजरांनीं काळोखांत कांहीं जास्त दिसत नाहीं. उलट अतिरेक घातकही ठरतो. ध्रुवप्रदेशांतील प्रवासी पांढऱ्या अस्वलाचें यकृत खाऊन भयंकर आजारी पडत. एस्किमो लोक तें यकृत वर्ज्य मानीत. १९४३ सालीं कोरे रोडाल व थॉमस मूर यांनीं दाखविलें कीं त्या यकृतांत अ जीवनसत्त्वाचाच प्रचंड सांठा असतो. जें यकृत सुश्रुतानें औषध म्हणून सांगितलें, तशाच यकृतानें येथें विषाचें काम केलें. फरक केवळ मात्रेचा.

आतां दुसरें दुखणें. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागीं पीतबिंदु नांवाचा एक लहानसा पिवळट ठिपका असतो. वाचणें, सुईंत दोरा ओंवणें, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणें, हें सर्व त्या ठिपक्याच्या बळावर चालतें. वार्धक्यांत कित्येकांचा हा भाग झिजूं लागतो. अशा रोग्याला खोलींतील भिंती, दारें, फर्निचर दिसतें, तो घरांत हिंडूं फिरूं शकतो. परंतु जेथें नजर लावावी तेथेंच डाग उभा राहतो. नातवाचा आवाज ऐकूं येतो, त्याचें तोंड दिसत नाहीं. जोनाथन हचिन्सन आणि वॉरेन टे या इंग्रज वैद्यांनीं १८७४ च्या सुमारास या विकाराचें वर्णन केलें, आणि १८८५ मध्यें स्विस नेत्रवैद्य ओटो हाब यांनीं त्याला वार्धक्यांतील पीतबिंदूचा ऱ्हास असें नांव दिलें. त्यावर उपाय मात्र शंभर वर्षें कोणाजवळ नव्हता. त्याचे दोन प्रकार आहेत. शुष्क प्रकारांत पेशी हळूहळू झिजतात. आर्द्र प्रकारांत दृष्टिपटलाखालीं नाजूक रक्तवाहिन्या फुटून झपाट्यानें दृष्टि जाते.

पीतबिंदु पिवळा कां, हा प्रश्नही आहारशास्त्राकडेच घेऊन गेला. जॉर्ज वॉल्ड यांनींच १९४५ सालीं असें सुचविलें कीं हा रंग पालेभाज्यांतील ल्युटीनसारख्या द्रव्याचा असावा. १९८५ मध्यें फ्लोरिडा येथील रिचर्ड बोन व जॉन लँड्रम यांनीं तेथें ल्युटीन व झियाझँथिन हीं दोन द्रव्यें असल्याचें दाखविलें. हीं द्रव्यें मानवी शरीर स्वतः तयार करूं शकत नाहीं. तीं अन्नांतूनच यावीं लागतात. म्हणजे पालकाच्या पानांतील रंग माणसाच्या डोळ्याच्या मर्मस्थानीं जाऊन बसतो आणि निळ्या प्रखर किरणांना गाळणीप्रमाणें अडवितो. याच सुमारास दुसरी एक विचारसरणी बळावली होती. डेनहॅम हार्मन यांनीं १९५६ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, प्राणवायूच्या ज्वलनक्रियेंत शरीरांत कांहीं अस्थिर कण निर्माण होतात आणि ते पेशींना गंजवीत नेतात. वार्धक्य हें अंशतः त्याचेंच फळ. या गंजण्याला आळा घालणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क आणि ई जीवनसत्त्वें व कॅरोटीन हीं त्यांपैकीं होत. दृष्टिपटल तर प्राणवायूचा मोठा भोक्ता, अखंड प्रकाशांत उघडा आणि चटकन् बिघडणाऱ्या स्निग्ध द्रव्यांनीं भरलेला. तेव्हां अँटिऑक्सिडंटांनीं त्याचें रक्षण व्हावें, ही कल्पना मनाला पटणारी होती. परंतु मनाला पटणें आणि सिद्ध होणें यांत अंतर असतें.

प्रारंभींचीं चिन्हें आशादायक होतीं. १९८८ सालीं डेव्हिड न्यूसम यांच्या एका छोट्या प्रयोगांत जस्त घेणाऱ्या रोग्यांची दृष्टि कमी वेगानें खालावली. १९९४ मध्यें जोहाना सेडन व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, आहारांत कॅरोटीनवर्गीय द्रव्यें सर्वांत अधिक असणाऱ्यांत, विशेषतः पालकासारख्या भाज्या वारंवार खाणाऱ्यांत, हा विकार बराच कमी दिसतो. पण पालक खाणारा माणूस इतर बाबतींतही जपून वागणारा असूं शकतो. तो विडी ओढत नसेल, फिरावयास जात असेल. श्रेय पालकाचें कीं त्याच्या एकंदर राहणीचें, हें अशा निरीक्षणानें ठरत नाहीं.

तें ठरविण्यासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनें १९९२ पासून एक मोठा प्रयोग मांडला. ५५ ते ८० वर्षें वयाचे ४,७५७ स्त्रीपुरुष त्यांत सामील झाले. पीतबिंदूच्या प्रश्नासाठीं त्यांपैकीं ३,६४० जणांचा विचार झाला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे चार गट पाडले. एका गटाला अँटिऑक्सिडंट, दुसऱ्याला जस्त, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतें हें रोग्याला ठाऊक नव्हतें आणि तपासणाऱ्या वैद्यालाही नव्हतें. रोजची मात्रा अशी होती : क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० एकक, बीटा-कॅरोटीन १५ मिलिग्रॅम आणि जस्त ८० मिलिग्रॅम. जस्ताच्या अतिरेकानें शरीरांतील तांबें घटतें, म्हणून त्याबरोबर २ मिलिग्रॅम तांबेंही घातलें होतें. या मात्रा नित्याच्या आहारांतून मिळणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट आहेत, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. त्यांना अन्न म्हणण्यापेक्षां औषधच म्हटलें पाहिजे.

सहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहून २००१ च्या ऑक्टोबरमध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचा विकार मध्यम अवस्थेस पोंचला होता, किंवा ज्यांचा एक डोळा आधींच गेला होता, अशांमध्यें रिकामी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकीं अठ्ठावीस जण पांच वर्षांत गंभीर अवस्थेस गेले. दोन्ही औषधें घेणाऱ्या शंभरांपैकीं वीस. आठ माणसांचा हा फरक. ज्याचा उरलेला एकच डोळा पणाला लागलेला आहे, त्याला हा फरक लहान वाटणार नाहीं. परंतु त्याच निष्कर्षाची दुसरी बाजू वेष्टनावर सहसा छापली जात नाहीं. ज्यांना हा विकार नव्हता किंवा अगदीं प्रारंभींचा होता, त्यांना गोळीचा उपयोग दिसून आला नाहीं. गेलेली दृष्टि कोणाचीच परत आली नाहीं. मोतीबिंदूवर तर कांहींच परिणाम झाला नाहीं. शिवाय जस्त घेणाऱ्यांत मूत्रमार्गाच्या तक्रारींनीं रुग्णालयांत जाण्याचें प्रमाण थोडें वाढलें.

याहून कठोर धडा मधल्या काळांत फुफ्फुसांच्या बाजूनें आला होता. फिनलंडांत २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीननें फुफ्फुसाचा कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. १९९४ सालीं कळलें कीं तें घेणाऱ्यांत कर्करोग शेंकडा १८ नें वाढला. अमेरिकेंतील तशाच दुसऱ्या प्रयोगांत वाढ शेंकडा २८ निघाली, आणि १९९६ च्या आरंभीं तो ठरल्या मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. गाजरांत निरुपद्रवी असलेलें द्रव्य गोळीच्या मात्रेंत, विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरांत, शत्रु ठरलें. ज्यानें गंज थांबवावयाचा, त्यानेंच घात केला.

म्हणून नेत्रसंस्थेनें २००६ मध्यें दुसरा प्रयोग आरंभिला. ४,२०३ जणांवर, बीटा-कॅरोटीनऐवजीं पीतबिंदूंतील मूळचीं द्रव्यें, म्हणजे ल्युटीन १० व झियाझँथिन २ मिलिग्रॅम, देऊन पाहिलीं. कांहींना माशांच्या तेलांतील ओमेगा-३ द्रव्येंही दिलीं. २०१३ सालीं निकाल लागला. माशाच्या तेलाचा उपयोग झाला नाहीं. नवीं द्रव्यें जुन्या गोळींत नुसतीं वाढवून एकंदरींत विशेष लाभ दिसला नाहीं. पण ज्यांच्या रोजच्या आहारांत ल्युटीन सर्वांत कमी होतें, त्यांना तीं घेतल्यानें फायदा झालेला आढळला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग पुन्हां जवळजवळ दुप्पट निघाला, आणि ते बहुतेक पूर्वीं धूम्रपान केलेले लोक होते. दहा वर्षांनंतरच्या पाहणींतही, जी २०२२ मध्यें प्रसिद्ध झाली, हाच धोका कायम दिसला आणि ल्युटीनचें पारडें जड ठरलें. तेव्हांपासून बीटा-कॅरोटीन वगळून ल्युटीन व झियाझँथिन घातलेली गोळी नेत्रवैद्य पसंत करतात.

मोतीबिंदूची कथा भारताला अधिक जवळची. येथें या विकारानें दृष्टि गमावणारे असंख्य. तेव्हां एकाद्या स्वस्त गोळीनें तो लांबला तर केवढें काम होईल, ही आशा स्वाभाविक होती. मदुरेच्या आसपासच्या खेड्यांतील ७९८ जणांना पांच वर्षें कॅरोटीन व क आणि ई जीवनसत्त्वें, किंवा रिकामी गोळी, देऊन हा प्रश्न सोडविण्यांत आला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : मोतीबिंदु वाढावयाचा तो वाढलाच. उत्तर व दक्षिण भारतांतील वृद्धांची पुढें एक पाहणी झाली. तींत रक्तांत क जीवनसत्त्व अधिक असणाऱ्यांना मोतीबिंदु कमी, असें २०११ मध्यें दिसलें. पण तें जीवनसत्त्व अन्नांतून आलेलें होतें. मोतीबिंदूवर आजही खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे शस्त्रक्रिया.

या साऱ्या इतिहासाचें सार घरगुती व्यवहारांत उतरवावयाचें, तर कांहीं गोष्टी निश्चयानें सांगतां येतात. मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारांत अ जीवनसत्त्वाची उणीव राहूं देणें हा दृष्टीशीं खेळ आहे. लसीकरणाच्या वेळीं मिळणारी त्याची मात्रा चुकवूं नये. वृद्धाला पीतबिंदूचा विकार मध्यम अवस्थेंत असल्याचें नेत्रवैद्यानें तपासून सांगितलें, तर गोळीस अर्थ आहे. ज्याचे डोळे निरोगी आहेत, त्यानें ती घेण्यास आधार नाहीं. ज्यानें कधींही धूम्रपान केलें असेल, त्यानें वेष्टनावर बीटा-कॅरोटीन हें नांव आहे कीं काय तें अवश्य वाचावें. धूम्रपान सोडणें हा पीतबिंदूच्या रक्षणाचा कोणत्याही गोळीपेक्षां मोठा उपाय आहे, आणि त्याला पैसाही पडत नाहीं. सरळ रेघ वांकडी दिसूं लागली, दाराची चौकट मध्येंच मोडल्यासारखी वाटूं लागली, तर गोळ्यांची वाट न पाहतां तत्काळ नेत्रवैद्याकडे जावें. आर्द्र प्रकारावर गेल्या वीस वर्षांत डोळ्यांत द्यावयाचीं इंजेक्शनें उपलब्ध झालीं आहेत. तेथें उशीर हाच खरा शत्रु.

राहिला आहार. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत पालक, चाकवत, अळू, राजगिरा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, लाल भोपळा, पपई, आंबा, मका यांची वाण कधींच नव्हती. अंडें खाणाऱ्याला पिवळा बलक आहेच. हीं रंगद्रव्यें स्निग्धांशाबरोबरच अंगीं लागतात. म्हणून पालेभाजीला थोड्या तेलाची फोडणी देण्याची जुनी रीत शास्त्रालाही मान्य आहे. भाजीच्या जुडीवर कसलेंही वचन छापलेलें नसतें, आणि तिनें कोणाची गेलेली दृष्टि परत आणल्याचा दावाही कोणी करीत नाहीं. परंतु लोणी परदेशीं विकून मुलांना मार्गारीन चारणाऱ्या देशाला जो धडा मिळाला, तो घराघरालाही लागू आहे. डोळ्यांना लागणारें अन्न बहुधा घरांत किंवा जवळच्या बाजारांत असतेंच; घरांतल्या लहानथोरांच्या पानांत तें रोज पडतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.